आम्पारोला माहीत नाही

म्हातारीनं कोपर धरलं तेव्हा नेरेइदा ब्राचो किंता क्रेस्पोच्या बाजारात लाल भोपळ्याची फाक नाकाशी धरून उभी होती. भोपळ्याला तसा वास नसतोच. पण तिची आई असंच करायची, म्हणून तीही करायची. कोपरावरची बोटं गार आणि ओली होती, मासळीच्या बाजूनं आलेली. अशा स्पर्शाची तिला सवय होती. रोज संध्याकाळी आठ वाजता ती टीव्हीच्या पडद्यावरून साऱ्या देशाच्या बैठकीच्या खोलीत शिरत होती. मग दिवसा देशानं तिच्या अंगाला हात लावला तर तक्रार कोणत्या तोंडानं करायची? ती ठेवणीतलं हसू ओठांवर आणूनच वळली. म्हातारी बुटकी होती. तिनं नेरेइदाला खाली ओढलं, इतकं की तिच्या तोंडाचा लसणीचा वास आला, आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "पोरी, मी सांगणार नव्हते. पण आता बघवत नाही. त्याचं दुसरं घर आहे गं. पोरही आहे एक. साऱ्या जगाला ठाऊक आहे, तुला तेवढं कुणी सांगत नाही."

"कुठे?" नेरेइदानं विचारलं.

म्हातारी गोंधळली. "आता कुठे ते मला काय माहीत? अजून दाखवलं नाहीये! पण परवा तो मोटारीतून उतरला नि ती भवानी दारातच उभी होती की, लाल झगा घालून. तू नेमकी तेव्हाच देवळात मेणबत्ती लावत होतीस, त्याच्यासाठी!"

भोपळेवाला खो खो हसला. "आजी, बाई नाटकातल्या आहेत. त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. त्यांना काय सांगता?"

"मग कुणाला सांगू? टीव्हीला रोज ओरडून सांगते, तो मेला ऐकत नाही."

आसपासचे चारजण हसले. नेरेइदाही हसली, म्हातारीच्या गालाला गाल लावला, 'सांभाळून राहते हं आजी' म्हणाली, आणि भोपळा तिथेच फळीवर ठेवून चालू लागली. बाजाराबाहेर उन्हात आल्यावर ती थांबली. तिनं 'कोणाचं?' असं विचारायला हवं होतं. किंवा काहीच विचारायला नको होतं, कारण म्हातारी आम्पारोशी, मालिकेतल्या तिच्या पात्राशी, बोलत होती. आम्पारोच्या नवऱ्याचं दुसरं घर आहे, हे संहितेत कित्येक आठवड्यांपूर्वी लिहून झालेलं, आणि ते घर म्हणजे स्टुडिओच्या मागच्या बाजूला उभी केलेली तीन भिंतींची खोली, जिच्या खिडकीतून कागदावर रंगवलेला डोंगर दिसतो. हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी तोंडातून गेलं ते 'कुठे?' आणि ते आम्पारोच्या आवाजात नव्हतं. आम्पारोचा आवाज ती गळ्याच्या वरच्या भागातून काढायची, किंचित रडवेला. हा खालून आला होता, कोरडा, व्यवहारी. दुकानदाराला एखाद्या गल्लीचा पत्ता विचारावा तसा.

स्टुडिओकडे जाणाऱ्या भाड्याच्या मोटारीत मागच्या बाकावर ती दोन परक्या माणसांच्या मधे अंग चोरून बसली. पुढे कुणीतरी घोड्यांच्या शर्यतीबद्दल तावातावानं बोलत होतं. आरशातून चालक तिच्याकडे बघत होता, ओळखू की नको अशा विचारात. तिनं काळा चष्मा लावला. तिचा नवरा एफ्राईन दर मंगळवारी आणि गुरुवारी पुएर्तो काबेल्योला मुक्कामाला असतो. बंदरावरचं काम, जहाजावरचा माल सोडवून घ्यायचा, जकातीच्या साहेबांना जेवायला न्यायचं. हे ती कोणालाही एका दमात सांगू शकली असती. इतक्या वेळा सांगितलं होतं की ते पाठ केलेल्या संवादासारखं झालं होतं, अर्थ गळून नुसती चाल उरलेलं. पुएर्तो काबेल्यो समुद्रावर आहे. तिथं घाम येतो, शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे वेढे उमटतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ते वेढे ती स्वतः साबणानं घासून काढायची. मग धुणं बाईकडे गेलं. पण एफ्राईनचा शर्ट हातात घेतल्यावर त्याला मिठाचा वास येत नाही, ओल्या मातीचा, धुक्यातल्या गवताचा येतो, हे तिला कधीतरी जाणवलं होतं. कधी? तिला आठवेना. जाणवलं होतं एवढंच आठवत होतं, आणि तो शर्ट टोपलीत टाकून ती संवाद पाठ करायला बसली होती हेही.

तिच्या लहानपणी माराकाइबोच्या उकाड्यात त्यांच्या घरी दुपारी रेडिओ लागायचा. आळीतल्या बायका आपापल्या खुर्च्या उचलून आणायच्या, कुणी शेंगा सोलायला घेऊन, कुणी शिवण; आणि रेडिओतली अनाथ नायिका पुन्हा एकदा त्याच नीच माणसावर विश्वास टाकायची. आई सगळ्यांत मोठ्यानं ओरडायची. "मागे बघ, बये! मागे बघ गं! आंधळी झालीस का?" ओरडता ओरडता तिला रडू फुटायचं, अगदी हुंदके देऊन, आणि रेडिओ संपला की पदर झटकावा तसा फडका झटकून ती चुलीकडे जायची, हलकी होऊन. नेरेइदा तेव्हा लहान होती, जमिनीवर पालथी पडून ऐकायची, आणि जमिनीवरून तिला सगळ्यांचे चेहरे खालून दिसायचे. तिनं बघितलं होतं की आई रडू लागली की बायका रेडिओकडे बघत नाहीत, आईकडे बघतात. शेंगा सोलणारे हात थांबतात. सरोवरापलीकडे, काबिमासला, बापाचं काय होतं ते त्या सगळ्यांना माहीत होतं. आईला माहीत होतं का? या प्रश्नाला ती आयुष्यभर बगल देत आली होती. आज परक्या माणसाचा खांदा खांद्याला लागत असताना, घोड्यांच्या नावांच्या गजरात, तिला वाटलं की आईला माहीत होतं, आणि दुपारचा तो एक तास तिनं स्वतःला त्यासाठी राखून ठेवला होता. बाकीचा दिवस तिला मुलं वाढवायची होती. आणि आपण? आपण तर तो तास सबंध आयुष्याएवढा केला. धंदाच केला त्याचा.

रंगपटात ओतिलियानं तिच्या गळ्याभोवती पांढरा कपडा बांधला. ओतिलिया जाडजूड, दम्याची, बोलण्यात तिखट. नेरेइदा पहिल्यांदा मोलकरणीच्या दोन वाक्यांच्या भूमिकेत कॅमेऱ्यापुढे उभी राहिली तेव्हापासून तिचा चेहरा रंगवणारी. तिला त्या चेहऱ्याची प्रत्येक सुरकुती जन्मतारखेसकट ठाऊक होती.

"हे काय, पांढरीफटक पडलीयेस. जेवली नाहीस वाटतं?"

"ओतिलिया, एफ्राईनबद्दल तुला काही माहीत आहे?"

आरशात पावडरचा फुगा गालापासून वीतभर अंतरावर थांबला. त्यातून थोडी पावडर गळून टेबलावर पडली. बाहेर कुणीतरी दोराची गुंडाळी ओढत नेत होतं, त्याचा सरसर आवाज दाराशी आला, पुढे गेला.

"तुला हवं असेल तर माहीत आहे," ओतिलिया म्हणाली. "नको असेल तर नाही."

नेरेइदाला वाटलं, आता आपल्या आत काहीतरी कोसळायला हवं. आम्पारोच्या आत अशा वेळी कोसळतं, आणि व्हायोलिनं वाजतात. पण आत नुसती चुळबुळ होती, बुटात खडा गेल्यासारखी. तिला उठून चालावंसं वाटत होतं आणि गळ्याला कपडा बांधलेला होता.

"हवं आहे," शेवटी ती म्हणाली.

"लोस तेकेस. वर डोंगरात, माझी बहीण राहते ना तिथे. देवळासमोरच्या बेकरीत तो गूळ लावलेले पाव घेत होता, हाताला धरलेली मुलगी. माझ्या बहिणीनं मला सांगितलं, मी तिला म्हटलं तोंड बंद ठेव. बेकरीच्या वरच राहतात. आता रडणार असशील तर आधी रड, मी रंग मग लावते. दोनदा काम करायला लावू नकोस."

"किती दिवस झाले?"

"मुलगी केवढी आहे विचार. खांद्याला लागते."

नेरेइदा रडली नाही. ओतिलियानं मान हलवून पावडर लावायला सुरुवात केली, आणि त्या मऊ फटक्यांखाली तिला स्वतःचा चेहरा हळूहळू नाहीसा होऊन आम्पारोचा वर येताना दिसला. दुसऱ्या कोणत्याही दिवशी ही क्षणभराची गंमत असायची. आज तिला त्या बाईचा राग आला. काय ही मोठ्या डोळ्यांची गाय! नवरा मंगळवारी जातो, गुरुवारी जातो, आणि ही इस्त्री करते.

त्या दिवशीचा प्रवेश नेमका इस्त्रीचाच होता. आम्पारो नवऱ्याचा शर्ट इस्त्री करता करता गुणगुणते, तो मागून येतो, मानेवर ओठ टेकतो, 'उशीर होईल' म्हणतो, जातो. ती हसत राहते. बस. नवऱ्याचं काम करणारा नट मागून आला, त्याच्या मिशीला खाल्लेल्या पावाचा चुरा होता, त्यानं मानेवर ओठ टेकले आणि नेरेइदाचे खांदे आपोआप वर गेले. दिग्दर्शक उलिसेस पेर्नालेतेनं थांबवलं. पुन्हा केलं. पुन्हा थांबवलं. मग तो स्वतः दिव्यांखाली आला, उंच, वाकलेला, कानामागे पेन्सिल, आणि हळू आवाजात बोलू लागला, कारण तो चिडला की आवाज खाली आणायचा.

"नेरेइदा, तुला आज सगळं माहीत आहे."

"म्हणजे?"

"डोळ्यांत दिसतंय. आम्पारोला माहीत नाही. तिला ऑक्टोबरपर्यंत माहीत नाही. तिला आज कळलं तर उद्या आपण सगळे घरी बसू."

"तिला खरंच काहीच कसं कळत नाही, उलिसेस? शर्टाचा वास येतो माणसाला."

"टीव्हीला वास येत नाही," तो म्हणाला. मग तिच्याकडे नीट बघून, "बरं, ऐक. कळत असेलही. पण ती कळू देत नाही. तसं करून बघ. मला फरक दिसता कामा नये."

तिनं तसं केलं. कळलेलं सगळं तिनं छातीच्या खाली, पोटाच्या वर, कुठेतरी दाबून धरलं आणि गुणगुणत इस्त्री फिरवली. ओठ मानेवर टेकले, ती हसली. "वा!" पेर्नालेते ओरडला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आणि नेरेइदाला भीती वाटली, दिवसभरात पहिल्यांदा खरी भीती. कारण ते जमायला तिला काहीच करावं लागलं नव्हतं. हात घातला आणि रोजची किल्ली रोजच्या खिळ्यावर सापडली.

त्या संध्याकाळी एफ्राईन घरी होता. बुधवार होता. त्यानं काळ्या घेवड्याचं सूप दोनदा घेतलं, केळ्याचे काप तळलेले होते ते सगळे संपवले, आणि आठ वाजता नेहमीसारखा टीव्हीपुढच्या खुर्चीत बसला. तो कधी चुकवत नसे. 'माझी बायको आहे ती,' असं तो पाहुण्यांना पडद्याकडे बोट करून सांगायचा, प्रत्यक्ष बायको शेजारी कॉफीचा ट्रे घेऊन उभी असताना, आणि सगळे हसायचे. पडद्यावर महिन्यापूर्वी चित्रित झालेली आम्पारो देवळात आणखी एक मेणबत्ती लावत होती. रंगीत टीव्ही येऊन दोन वर्षं झाली होती, पण त्यांच्या संचावर तिचा चेहरा अजून जरा नारिंगीच दिसायचा. नेरेइदा त्याच्या शेजारी बसली. तिला त्याचा कान दिसत होता, कानातले केस, कानाच्या पाळीवर दाढीचा राहून गेलेला साबण. हा माणूस धुक्यातल्या गावी एका मुलीचा हात धरून पाव विकत घेतो. तिनं वाक्य जुळवायला घेतलं. 'मला सगळं कळलंय, एफ्राईन.' हे ती आधीच्या मालिकेत बोलली होती, जिन्यावर, पावसाच्या यंत्राखाली. 'माझ्याकडे बघ आणि सांग की हे खोटं आहे.' हे त्याच्या आधीच्या. 'का?' एवढंच म्हटलं तर? तेही बोलून झालं होतं, पाठमोरी, खिडकीचा पडदा मुठीत धरून. त्यासाठी तिला बक्षीस मिळालं होतं. मनात जे येत होतं त्याला कुणाचा तरी हात लागलेला होता. तिला स्वतःचं असं एकही वाक्य सापडेना. दुसऱ्याच्या कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून उघडं उभं राहावं तसं तिला झालं.

"काय भोळी बाई आहे ही," एफ्राईन पडद्याकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच हळवा झाला होता. "बिचारी. कधी कळणार हिला?"

"ती भोळी नाही," नेरेइदा म्हणाली.

त्यानं मान वळवली. क्षणभर, अगदी डास बसून उडावा एवढाच वेळ, त्याच्या डोळ्यांत काहीतरी हाललं. मग पडद्यावर लाल झग्यातली बाई दारात आली आणि तो पुन्हा तिकडे बघू लागला. नेरेइदा उठून भांडी घासायला गेली. घासलेली भांडी तिनं पुन्हा घासली.

शनिवारी चित्रीकरण नव्हतं. एफ्राईन मित्राकडे सोंगट्या खेळायला गेला. तिनं डोक्याला रुमाल बांधला, रंग अजिबात लावला नाही, आणि लोस तेकेसची बस धरली. बस घाट चढू लागली तशी खिडकीतून थंडी आत आली, मग धुकं. झाडं मागे सरकून पुसट होत गेली आणि तो वास आला, ओल्या मातीचा, गवताचा, इतका ओळखीचा की आपण आपल्याच कपड्यांच्या कपाटात शिरतोय असं तिला वाटलं. आपण कशाला जातोय हे तिला माहीत नव्हतं. तिला कल्पनेत एक बाई दिसत होती, लाल झगा, टपोरे ओठ. तिला काय म्हणायचं? देवळासमोर ती उतरली. बेकरीतून भाजलेल्या साखरेचा वास येत होता. बाजूच्या अंधाऱ्या जिन्यानं ती वर गेली आणि कुठलंही वाक्य तयार व्हायच्या आत तिनं दार वाजवलं.

दार एका मुलीनं उघडलं. खांद्याला लागेल एवढी, गुडघ्यावर खरचटलेलं, खालच्या ओठाला एफ्राईनचंच वळण. तिनं रुमालातल्या बाईकडे पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"आम्पारो!" ती किंचाळली. "आई! आई गं! आम्पारो आलीय! आपल्या घरी!"

आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला. दारात एक बाई आली, बारीक, पांढरे होऊ लागलेले केस मागे बांधलेले, हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात. वयानं ती नेरेइदाएवढीच होती, कदाचित थोडी मोठी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. फेस तिच्या बोटांवरून फरशीवर पडत होता. 'आता ही ओरडेल,' नेरेइदाला वाटलं, किंवा आपण.

"याहाइरा," बाई म्हणाली, "बाईंना खुर्ची दे. कॉफी ठेवते."

मुलीनं तिला ओढतच आत नेलं. तीन खुर्च्या, एक टेबल, टीव्हीवर विणलेला पांढरा रुमाल. भिंतीवर समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो: एफ्राईन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर लहानगी पोर, तोंड फाकवून हसतोय. असा हसताना नेरेइदानं त्याला पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं असेल, फार पूर्वी.

"हे माझे बाबा," याहाइरा म्हणाली. "ते जहाजावर असतात, म्हणून सारखे घरी नसतात. आम्पारो, तू इथे कशी? म्हणजे, तुम्ही. तुमचं नाव वेगळं आहे ना? मला माहीत आहे, पण विसरते मी."

"नेरेइदा."

"नेरेइदा," मुलगी पुटपुटली, पटत नसल्यासारखी. मग न राहवून, "मला एक सांग ना. कुणाला सांगणार नाही. तिला कधी कळणार?"

स्वयंपाकघरात कपबशा वाजायच्या थांबल्या.

"तिला माहीत आहे," नेरेइदा म्हणाली.

"कधीपासून?"

"बऱ्याच दिवसांपासून."

मुलीच्या कपाळावर आठ्या पडल्या. ती नुसती चकित झाली नव्हती, रागावली होती. रोज जिच्यासाठी डोळे सुजवले तिनं फसवावं तसं. "मग बोलत का नाही ती? आम्ही इथे ओरडून ओरडून मरतो. मी तर शाळेत भांडले तिच्यावरून. मुली म्हणतात ती मठ्ठ आहे, मी म्हणते नाही, तिला कुणी सांगितलंच नाही तर तिनं काय करावं? आणि तिला माहीत आहे?"

पोरीचे डोळे नेरेइदावरून हालत नव्हते. शंभर संवाद जिभेवर आले आणि एकही या मुलीला देण्याच्या लायकीचा नव्हता. "बोललं की घर रिकामं होतं," ती शेवटी म्हणाली. "तिला रिकाम्या घराची भीती वाटते."

"पण ते तर आधीच रिकामं आहे," याहाइरा म्हणाली. "तो असतोच कुठे?"

बाईनं कॉफी आणली. तिघींनी ती प्यायली. धुक्याबद्दल बोलणं झालं, बेकरीच्या भट्टीमुळे थंडीत जमीन कशी उबदार राहते त्याबद्दल. मुलीनं एका रिकाम्या पुडक्यावर सही घेतली. आम्पारोची नको, नेरेइदाची कर, असं तिनंच सांगितलं. मग बाई खांद्यावर शाल टाकून नेरेइदाला बसपर्यंत सोडायला निघाली.

दोघींनी देवळाला वळसा घातला. मग बाईच म्हणाली, "मी बेलेन." आणि थोडं चालून, "मला आधी माहीत नव्हतं, बाई. मूल पोटात असताना कळलं. हे माफीसाठी सांगत नाही. आहे ते आहे."

"मीही भांडायला आले नाही. कशाला आले ते मला माहीत नाही."

"रोज आठ वाजता तुम्ही माझ्या घरात असता," बेलेन म्हणाली. "टीव्ही बंद करता येत नाही, पोरीला आवडतं. मी पाठ करून बसते नि शिवते. तुमचा आवाज ऐकते. मला वाटायचं, हे सगळं तुम्ही मलाच बोलताय. ती लाल झग्यातली बाई दाखवली की माझे कान तापायचे. माझ्याकडे लाल झगा कधी नव्हता हो."

नेरेइदाला एकदम हसू आलं. ते थांबवता येईना. बेलेननं आधी घाबरून पाहिलं, मग तीही हसली, तोंडावर शाल धरून, आणि देवळातून बाहेर पडणाऱ्या दोन बायका त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"आणि तो?" नेरेइदानं डोळे पुसत विचारलं. "तो इथे असतो तेव्हा आठ वाजता काय करतो?"

"उठून गच्चीवर जातो. पाऊस असला तरी. संपलं की खाली येतो."

बस आली. नेरेइदानं पायरीवर पाय ठेवून विचारलं, "त्याचे कपडे बांधले तर इकडे पाठवू?"

बेलेननं ओठ मुडपून खरोखरच विचार केला. "नको," ती म्हणाली. "आठवड्यातून दोन दिवस येतो तेवढाच मला पेलतो. रोजचा कोण सांभाळणार?"

ती घरी आली तेव्हा दुपार उतरली होती आणि एफ्राईन टेबलाशी संत्रं सोलत बसला होता. तो सोंगट्यांत हरला होता, हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. तिनं रुमाल सोडला.

"लोस तेकेसला जाऊन आले," ती म्हणाली.

हे वाक्य तिनं याआधी कधीही उच्चारलं नव्हतं. ते साधं होतं, त्यात गावाचं नाव होतं, आणि ते खालून आलं, कोरडं. एफ्राईनचा अंगठा सालीत तसाच रुतून राहिला. रस त्याच्या मनगटावरून बाहीत गेला.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

हे वाक्य कुणाकुणाच्या तोंडून ऐकलं होतं ते आठवायचीही तिला इच्छा नव्हती. त्यानं ऑक्टोबर, पुढचं वर्ष, मुलगी मोठी झाल्यावर, असं काहीतरी सुरू केलं, आणि मधेच सोडून दिलं. तिला अजून रडू येत नव्हतं. अस्वस्थपणाही, इतके दिवस अंगभर मुंग्यांसारखा फिरणारा, आता कुठेतरी एका जागी येऊन बसला होता, आणि ती जागा म्हणजे एक प्रश्न होता, असा की जो कोणत्याही मालिकेत कुणी विचारला नसता.

"तिकडे आठ वाजता तू गच्चीवर का जातोस? इथे तर एक दिवस चुकवत नाहीस."

त्यानं संत्रं खाली ठेवलं. बोलला तेव्हा त्याच्या आवाजात ना रडणं होतं ना बचाव. थकलेल्या माणसानं मोटारीतून उतरताना 'पोचलो' म्हणावं तसा तो बोलला.

"तिकडे तू माझ्याकडे बघायचीस," तो म्हणाला. "पडद्यातून. थेट. मला सहन व्हायचं नाही."

"आणि इथे?"

"इथे तू शेजारी बसलेली असायचीस ना. इथे काही भीती नव्हती."

नेरेइदाला पहिल्यांदा लागलं. म्हातारीच्या बोटांनी, ओतिलियाच्या थांबलेल्या हातानं, फोटोतल्या हसण्यानं जे झालं नव्हतं ते आता झालं. छातीत काहीतरी उघडं पडून त्याला वारा लागला. खोटं असतं तर तिनं ते त्याच्या तोंडावर फेकून मारलं असतं. तिनं टेबलाजवळची खुर्ची ओढली, टीव्हीकडे तोंड असलेली ती खुर्ची फिरवून त्याच्यासमोर आणली, आणि बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. कानाच्या पाळीवर तीळ होता. डाव्या भुवईत पांढरे केस आले होते. खालचा ओठ, जो आता दुसऱ्या एका चेहऱ्यावरही होता, कडेला सैल पडला होता. तो माणूस म्हातारा होऊ लागला होता आणि तिनं त्याला होताना पाहिलं नव्हतं.

ती बघत राहिली. त्यानं नजर टेबलाकडे नेली, दाराकडे नेली, परत आणली. ती तिथेच होती. खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. अखेर तो उठला, आत गेला, आणि कपाटाची दारं उघडल्याचा, खण ओढल्याचा आवाज येऊ लागला. तिनं त्याला हाक मारली नाही. अर्धं सोललेलं संत्रं टेबलावर होतं. तिनं ते उचललं, उरलेली साल काढली, आणि एकेक फोड करून सगळं खाल्लं, कारण सकाळपासून एका कॉफीशिवाय तिच्या पोटात काही नव्हतं.